डॉक्टर लागू : स्मरण की पूजन?

मराठी रंगभूमीच्या वर्तुळात नुसते ‘डॉक्टर’ म्हटले की बोलणे कोणाविषयी चालले आहे, हे वेगळे सांगावे लागत नसे. दंतवैद्य असलेले डॉ. काशिनाथ घाणेकर होऊन गेले, डॉ. जब्बार पटेल, डॉ. मोहन आगाशे, डॉ. गिरीश ओक ही नावेही आपल्या परिचयाची आहेत. तरीही निव्वळ ‘डॉक्टर’ हे संबोधन श्रीराम लागूंकडेच जात असे. १७ डिसेंबर २०१९ रोजी, ९२ वर्षांचे आयुष्य जगून, पुण्यात त्यांचे निधन झाले. १६ नोव्हेंबर २०२७ रोजी त्यांच्या जन्माला शंभर वर्षे पूर्ण होतील. जन्मशताब्दीच्या निमित्ताने ठिकठिकाणी सभा होतील, छायाचित्रांना हार घातले जातील, भाषणे होतील. आपणही बेल्लमपल्लीत काही ना काही करूच. ते करण्यापूर्वी एका प्रश्नाचा विचार व्हावा, म्हणून स्मरणिकेच्या संपादकांनी दिलेल्या या पानांचा मी उपयोग करीत आहे. प्रश्न असा की, आपण चाहते मंडळी डॉक्टर लागूंचे स्मरण करतो, की केवळ पूजन?

आपल्या गावात त्यांचे चाहते कमी नाहीत. महाराष्ट्राच्या सीमेपासून आपण फार दूर नसलो, तरी नाटक पाहायचे म्हणजे रेल्वेने बल्लारशा ओलांडून चंद्रपूर किंवा नागपूर गाठावे लागते. त्यामुळे इथल्या बहुतेकांना डॉक्टर भेटले ते पडद्यावर. कोणाला ‘पिंजरा’तले गुरुजी आठवतात, कोणाला ‘सिंहासन’मधले विश्वासराव. ज्यांना मराठी फारसे येत नाही अशा आपल्या तेलुगू स्नेह्यांना ‘घरौंदा’ आणि ‘मुकद्दर का सिकंदर’ आठवतो, आणि रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’मधले गोपाळ कृष्ण गोखले आठवतात. १९८५ साली दूरदर्शनवर ‘खानदान’ ही मालिका लागली, तेव्हा तर ते घराघरांत येऊ लागले. माझ्या पिढीतील फार थोड्यांनी त्यांना ‘नटसम्राट’मध्ये प्रत्यक्ष रंगमंचावर पाहिले असेल. आम्ही ते ऐकले आणि उशिरा ध्वनिचित्रफितीवर पाहिले. तरीही त्यांच्या निधनाची बातमी आली त्या दिवशी आपल्यापैकी अनेकांना घरातले वडीलधारे माणूस गेल्यासारखे वाटले. हे प्रेम खरे होते, याविषयी मला तिळमात्र शंका नाही. माझी तक्रार प्रेमाविषयी नाही. त्या प्रेमातून आपण डॉक्टरांचे जे चित्र तयार केले आहे, त्याविषयी आहे.

त्या चित्राचा पहिला रंग ‘त्यागा’चा आहे. ‘केवढे मोठे डॉक्टर! हातची वैद्यकी सोडली आणि रंगभूमीला वाहून घेतले!’ हे वाक्य मी आजवर असंख्य वेळा ऐकले आहे. वस्तुस्थिती काय आहे? साताऱ्यात, वैद्यकी करणाऱ्या वडिलांच्या घरी त्यांचा जन्म झाला. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयात ते शिकले. महाविद्यालयात असतानाच नाटकाचे वेड लागले आणि भालबा केळकरांसारख्या मित्रांबरोबर प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशनचे काम सुरू झाले. पण त्या वेडापायी त्यांनी शिक्षण अर्धवट टाकले नाही. नाक-कान-घसा या विषयाचे शल्यविशारद झाले, पुण्यात व्यवसाय केला, पुढील प्रशिक्षणासाठी कॅनडा व इंग्लंडला जाऊन आले आणि आफ्रिकेत टांझानियातील टबोरा येथेही रुग्णसेवा केली. या सर्व काळात नाटक चालूच होते. १९६९ साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी पूर्णवेळ नट होण्याचा निर्णय घेतला आणि वसंत कानेटकरांच्या ‘इथे ओशाळला मृत्यू’पासून व्यावसायिक रंगभूमीवर उभे राहिले. पुढल्याच वर्षी, २३ डिसेंबर १९७० रोजी, धि गोवा हिंदू असोसिएशनने ‘नटसम्राट’ रंगमंचावर आणले.

यात मला त्यागापेक्षा एक दीर्घ आणि शांत निवड दिसते. वीस वर्षे दोन कामे बरोबरीने करून पाहिल्यावर, दोहोंची किंमत कळल्यावर, एका प्रौढ माणसाने विचारपूर्वक घेतलेला तो निर्णय होता. त्याला ‘त्याग’ म्हटले की दोन अनर्थ होतात. एक म्हणजे वैद्यकी ही नुसती प्रतिष्ठेची आणि पैशाची गोष्ट ठरते. ती सोडली म्हणून टाळ्या! दुसरा अनर्थ अधिक गंभीर आहे. निर्णय ही अलौकिक माणसांची मक्तेदारी ठरते आणि आपल्या घरातील मुलामुलींना तो अधिकार नाही, असे आपण मानू लागतो. बालरोगतज्ज्ञ म्हणून मी हे रोज पाहतो. डोकेदुखी, पोटदुखी, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन तेरा-चौदा वर्षांची मुले येतात. सर्व तपासण्या निर्दोष निघतात. हळूहळू बोलते केले की कळते, सातवी-आठवीपासून ‘नीट’ परीक्षेच्या शिकवण्या लागलेल्या आहेत, चित्रकला बंद झाली आहे, शाळेच्या स्नेहसंमेलनात भाग घ्यायला मनाई आहे. आणि हे पालक कित्येकदा तेच असतात, जे डॉक्टर लागूंच्या ‘त्यागा’ने सद्गदित होतात. आपल्या मुलाने दहा मिनिटांच्या नाटुकलीत उभे राहिलेले ज्यांना चालत नाही, त्यांनी लागूंच्या निर्णयाचे गोडवे गावेत, यात काहीतरी चुकते आहे. उलट बाजूही सांगितली पाहिजे. अभ्यास टाळण्यासाठी लागूंचे नाव घेणाऱ्या तरुणाला, त्यांनी आधी शस्त्रक्रियेचे शिक्षण पूर्ण केले होते, याचीही आठवण करून द्यावी लागेल.

चाहत्यांच्या चित्रातला दुसरा रंग ‘नटसम्राट’ या पदवीचा. ते नाव नाटकातील गणपतराव बेलवलकरांचे. आपण ते सरळ लागूंना लावून टाकले. स्वतः डॉक्टरांनी मात्र आत्मचरित्राला नाव दिले ‘लमाण’! या नावामागील त्यांची भूमिका अशी की, नट हा मालाचा धनी नसतो. नाटककाराने निर्मिलेला माल तो इकडून उचलून तिकडे, प्रेक्षकांपर्यंत, नेऊन पोहोचवतो. आपल्या भागातील माणसाला हे नाव जेवढे कळेल, तेवढे पुण्या-मुंबईच्या वाचकाला कळेल की नाही, कोण जाणे. आपण ज्यांना लंबाडा म्हणतो, ज्यांच्या तांड्यांवरून बाळांना घेऊन माता आपल्याकडे येतात, तेच हे लमाण. रेल्वे आणि पक्के रस्ते येण्यापूर्वी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून शेकडो मैल वाहून नेणारे हे लोक. दख्खनमध्ये उतरलेल्या सैन्यांची रसद त्यांच्या बैलांवर चालत असे. माल त्यांचा नव्हता; पण तो भिजू न देता, सांडू न देता, वेळेवर पोहोचवण्याची जबाबदारी त्यांची होती. ज्या माणसाला आपण सम्राट म्हणत होतो, त्याने स्वतःची ओळख या कष्टकऱ्यांच्या नावाने करून द्यावी, यात विनय आहेच. शिवाय कामाची एक काटेकोर व्याख्याही आहे.

ही व्याख्या आपल्यालाही लागू पडते, असे मला वाटते. आपण डॉक्टर तरी कोणत्या मालाचे धनी आहोत? लस आपण शोधलेली नाही. अतिसारात जीव वाचवणारे मीठ-साखरेचे पाणी आपण शोधलेले नाही. न्यूमोनियाचे औषध आपले नाही. दुसऱ्यांनी कष्टाने मिळवलेले ज्ञान उचलून तांड्यावरच्या किंवा खाणकामगारांच्या वसाहतीतल्या एका बाळापर्यंत नीट पोहोचवणे, हेच आपले काम. वाटेत त्यात भेसळ होऊ न देणे, अर्धे सांडू न देणे, आपला शिक्का मारून भाव न वाढवणे, हे लमाणाचे धर्म आपलेही धर्म आहेत. डॉक्टरांनी ‘वाचिक अभिनय’ या नावाचे एक छोटे पुस्तक लिहिले आहे. ते नटांसाठी आहे. पण प्रत्येक तरुण वैद्याने वाचावे, असे मी आग्रहाने सांगेन. वाक्याचा अर्थ आधी स्वतःला कळला पाहिजे, म्हणजे तो समोरच्याला कळतो, ही गोष्ट आपल्या दवाखान्यात किती वेळा पाळली जाते? अत्यवस्थ बाळाच्या बापाशी घाईघाईने, इंग्रजी शब्दांच्या गर्दीत, नजर चुकवून बोलणारे आपले सहकारी आपण पाहतो. कोठे थांबावे, कोणत्या शब्दावर भार द्यावा आणि केव्हा गप्प राहावे, हे ज्याला कळते, त्याच्या तोंडून वाईट बातमीसुद्धा माणुसकीने पोहोचते. गळ्याच्या शल्यविशारदाने आवाजाविषयी लिहिलेले हे पुस्तक दोन्ही व्यवसायांना जोडणारा एक लहानसा पूल आहे.

आता ‘नटसम्राट’मधल्या अश्रूंविषयी. वि. वा. शिरवाडकरांच्या या नाटकाला १९७४ साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. लागूंनंतर सतीश दुभाषी, दत्ता भट यांनीही ही भूमिका गाजवली. २०१६ साली नाना पाटेकरांचा चित्रपट आला. आणि आपल्या दृष्टीने विशेष गोष्ट म्हणजे २०२३ साली कृष्णवंशी यांनी ‘रंगमार्तांड’ या नावाने तो तेलुगूत आणला. प्रकाश राज यांनी मध्यवर्ती भूमिका केली आणि एरवी सर्वांना हसवणाऱ्या ब्रह्मानंदम यांनी प्रेक्षकांना रडवले. त्यानंतर माझे तेलुगू सहकारी मला लागूंविषयी विचारू लागले. म्हणजे बेलवलकरांचे दुःख भाषेची सीमा ओलांडून आले. यात नवल नाही. सर्वस्व मुलांना देऊन बसलेला बाप आणि त्याला ओझे समजणारी मुले, ही कथा कोणत्या भाषेत नाही?

पण हे अश्रू पुढे कोठे जातात? आपल्या गावाकडे पाहा. कोळशाच्या खाणींवर हे गाव वाढले. पुढे भूमिगत खाणी एकेक करून बंद होत गेल्या, रोजगार घटला, तरुण मुले हैदराबाद, पुणे, बंगळूरकडे आणि तेथून परदेशी निघून गेली. मागे राहिली ती निवृत्तिवेतनावर जगणारी, गुडघे दुखणारी, दूरध्वनीची वाट पाहणारी माणसे. मी बालरोगतज्ज्ञ असूनही माझ्याकडे आजी-आजोबाच फार येतात. सुटीत आलेल्या नातवाला घेऊन येतात, आणि नातू परत गेल्यावर काही निमित्त काढून नुसते बोलायला येतात. त्यांची मुले दुष्ट नाहीत. बहुतेक जण पैसे पाठवतात, काळजीही करतात. म्हणूनच मला ‘नटसम्राट’कडे दुष्ट मुलांची कथा म्हणून पाहणे अपुरे वाटते. दुष्ट दुसरेच कोणीतरी आहेत, अशी खात्री असली म्हणजे रडायला सोपे जाते. नाटक पाहून डोळे पुसणारा मुलगा स्वतःला त्या कन्येच्या किंवा त्या पुत्राच्या जागी क्वचितच पाहतो. तो स्वतःला बेलवलकरांच्या बाजूचा समजतो. डॉक्टरांच्या अभिनयाचे मोठेपण असे की, त्यांचा बेलवलकर निव्वळ बिचारा नव्हता. तो अहंकारी होता, हेकट होता, त्याच्याबरोबर राहणे सोपे नव्हते, हेही त्यांनी लपवले नाही. म्हणजे प्रश्न दोन्ही पिढ्यांना विचारलेला होता. आपण त्यातले अश्रू तेवढे उचलले आणि प्रश्न तिथेच ठेवला.

तिसरी गोष्ट सर्वांत अवघड आहे. ती काही वाचकांना रुचणार नाही, याची मला जाणीव आहे. डॉक्टर लागू नास्तिक होते. देवाला आता निवृत्त करावे, असे त्यांनी उघडपणे लिहिले आणि त्यावरून उठलेले वादळ शांतपणे सोसले. साताऱ्याचेच दुसरे डॉक्टर, नरेंद्र दाभोलकर, यांच्या अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कार्यात ते मनःपूर्वक सहभागी झाले. सामाजिक कार्यकर्त्यांना मानधन मिळावे म्हणून सामाजिक कृतज्ञता निधी उभा राहिला, तेव्हा निळू फुल्यांसारख्या सहकलावंतांबरोबर आचार्य अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव करून त्यांनी पैसा जमवला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात दाभोलकरांची हत्या झाली, तेव्हा डॉक्टर पंचाऐंशी वर्षांचे होते. हे सारे त्यांच्या आयुष्याच्या कडेला नव्हते, मध्यभागी होते.

आणि त्यांच्या निधनानंतर आपण काय केले? ‘ईश्वर मृतात्म्यास चिरशांती देवो’ हा ठरावीक संदेश एकमेकांना पाठवला. ज्यांच्या सभेत दीपप्रज्वलन आणि ईशस्तवन झाले नसेल, असे थोडेच. कोणी हे वाईट हेतूने करीत नाही, हे मान्य. पण आयुष्यभर ज्याने एक गोष्ट स्पष्टपणे नाकारली, तीच त्याच्या माथी मारून आपण त्याला निरोप देतो, याला आदर कसे म्हणावे? आपल्याला त्यांचा आवाज हवा, डोळे हवेत, ‘पिंजरा’ हवा. त्यांचे विचार तेवढे नकोत. आवडत्या माणसाचे गैरसोयीचे अर्धे अंग कापून उरलेल्याची पूजा करणे, ही मला सोयीस्कर विस्मृती वाटते.

मी स्वतः नास्तिक नाही. आमच्या घरी गणपती बसतो आणि आषाढी एकादशीला घरातील वडीलधाऱ्यांचा उपवास असतो. लागूंचे सारे म्हणणे मला पटते, असेही नाही. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. ‘पुरावा काय?’ हा त्यांचा प्रश्न हा आपल्याच व्यवसायाचा प्रश्न आहे. तो त्यांनी शस्त्रक्रियागृहात जसा विचारला, तसाच देव्हाऱ्यासमोर विचारला, एवढाच फरक. आपल्या भागात काम करणाऱ्या कोणत्याही बालरोगतज्ज्ञाला विचारा. पोटावर तापल्या सळईचे डाग दिलेली तान्ही बाळे आपण पाहिली आहेत. झटके येणाऱ्या मुलीला आधी मांत्रिकाकडे आणि चार दिवसांनी रुग्णालयात आणलेले पाहिले आहे. भानामतीच्या संशयावरून एखाद्या एकाकी स्त्रीकडे बोट दाखवले जाते, ही गोष्ट तेलंगणाला नवी नाही आणि मराठवाड्यालाही नाही. अशा वेळी आपण काय करतो? बाळावर उपचार करतो, आणि आजीला दुखावू नये म्हणून गप्प बसतो. मला वाटते, लागूंचे स्मरण करण्याची खरी जागा ती आहे. आजीशी भांडू नये. पण सौम्य आणि स्पष्ट शब्दांत तिला सांगावे की या डागाने बाळ बरे झाले नाही, उलट भाजले आहे. श्रद्धा ठेवूनही हे बोलता येते. गप्प राहून मात्र आपण लमाणाचा माल वाटेतच टाकून देतो.

त्यांच्या विचारांची कसोटी कोठे लागली, हे सांगताना एका पित्याच्या दुःखाला स्पर्श करावा लागतो. १९९४ साली धावत्या आगगाडीवर कोणीतरी भिरकावलेला दगड लागून त्यांचा तरुण मुलगा तन्वीर मृत्यू पावला. मुलाच्या मृत्यूनंतर आई-वडिलांचे काय होते, हे आपण जवळून पाहतो. ‘आमच्याच वाट्याला का?’ या प्रश्नाला वैद्यकशास्त्रात उत्तर नसते. काही जण देवाकडे वळतात, काही त्याच्यावर रागावतात, काही स्वतःला दोष देत राहतात. यांपैकी कोणालाही नावे ठेवण्याचा आपल्याला अधिकार नाही. डॉक्टरांनी मात्र त्या प्रश्नाला खोटे उत्तर दिले नाही आणि आपली भूमिकाही बदलली नाही. तन्वीरच्या नावाने रूपवेध प्रतिष्ठानतर्फे रंगकर्मींसाठी सन्मान सुरू केला. आपल्या दुःखाचे तोंड त्यांनी दुसऱ्यांच्या कामाकडे वळवले. अभिनयासाठी त्यांचे कौतुक करणाऱ्यांनी या धैर्याचीही नोंद घ्यावी, असे मला वाटते.

येथे एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. आमचे एक ज्येष्ठ सहकारी म्हणतात, ‘अहो, लोकांना आवडता माणूस देवासारखा वाटला तर बिघडले काय? भक्तीनेच माणसे बांधली जातात.’ आपण तेलुगू प्रदेशात राहतो, त्यामुळे या म्हणण्यातील तथ्य आपल्याला अधिक ठाऊक आहे. नंदमूरि तारक रामाराव यांनी पडद्यावर कृष्ण साकारला आणि घराघरांत कृष्णाचा चेहरा त्यांचाच झाला. १९८३ साली त्याच जनतेने त्यांना मुख्यमंत्री केले. १९९६ साली ते गेले तेव्हा, आणि २०१४ साली अक्किनेनी नागेश्वरराव गेले तेव्हा, लोकांनी केलेला शोक कृत्रिम नव्हता. चाहत्यांच्या संघटना रक्तदान शिबिरे भरवतात, त्या रक्ताने आपले रुग्ण वाचतात. भक्तीला मी तुच्छ लेखत नाही. पण प्रत्येक माणसाचे स्मरण त्याच्या प्रकृतीप्रमाणे व्हावे. औषधाची मात्रा आपण वजन पाहून ठरवतो. एकच मात्रा सर्वांना देत नाही. ज्याने देवत्वाची कल्पनाच नाकारली, त्याला देव करणे, हे औषध त्या प्रकृतीला मानवणारे नाही.

शिवाय पूजनात एक धोका असतो. मूर्ती कोणाला प्रश्न विचारत नाही. डॉक्टरांनी मात्र आयुष्यभर प्रश्नच विचारले. विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ त्यांनी दिग्दर्शित केले, तेव्हा गर्भपाताचा लाल डाग परिनिरीक्षकांना चालेना. डॉक्टरांनी तो निळा केला, आणि हा निळा डाग लाल समजावा, असे प्रेक्षकांना सांगून टाकले. परवानगीही पाळली आणि सत्यही लपवले नाही! ‘सामना’मध्ये तर तीन डॉक्टर एकत्र आले. दिग्दर्शक जब्बार पटेल हे आमच्याच शाखेचे, बालरोगतज्ज्ञ; मारुती कांबळेच्या भूमिकेत मनोविकारतज्ज्ञ मोहन आगाशे; आणि गावच्या सत्ताधीशाला त्या नाहीशा झालेल्या माणसाविषयी पुन्हा पुन्हा विचारणारा दारुडा मास्तर म्हणजे लागू. तेंडुलकरांनी लिहिलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेला. एका सामान्य माणसाचे काय झाले, हे विचारत राहणे, ही त्या मास्तराची एवढीच ताकद होती. आपल्या व्यवसायात याहून मोठी कोणती ताकद असते? मृत्यू झालेल्या बाळाची नोंद वहीत करून पुढे न जाता, ते का गेले, कोठे उशीर झाला, वाहन का मिळाले नाही, असे विचारत राहणारा डॉक्टरच पुढचे बाळ वाचवतो.

मग आपण बेल्लमपल्लीकरांनी काय करावे? माझ्या काही साध्या सूचना आहेत. जन्मशताब्दीच्या दिवशी श्रद्धांजलीच्या भाषणांची रांग नको. ‘नटसम्राट’ किंवा ‘हिमालयाची सावली’ यांतील एखाद्या अंकाचे आपल्याच सभासदांनी अभिवाचन करावे. वाचन चांगले होईल की नाही, याची चिंता करू नये. तालीम मात्र मनापासून करावी. सुरुवातीला प्रस्तावना तेलुगूत व्हावी आणि आपल्या तेलुगू सहकाऱ्यांना, परिचारिकांना, औषधविक्रेत्यांना सहकुटुंब बोलवावे. ‘रंगमार्तांड’ पाहिलेल्यांना त्याचे मूळ ऐकू द्यावे. दुसरे, मंडळाच्या पुस्तकांच्या कपाटात ‘लमाण’, ‘रूपवेध’ आणि ‘वाचिक अभिनय’ ठेवावीत आणि ती वाचली जातील असे पाहावे. तिसरे, आपल्या मुलांसाठी दर वर्षी एक नाटक बसवावे. त्यात स्पर्धा नको, बक्षिसे नकोत, परीक्षकही नकोत. आठवी-नववीतल्या मुलांनाही त्यातून वगळू नये. चौथे, गावात एकटी राहणारी जी वृद्ध मंडळी आहेत, त्यांच्याकडे सभासदांनी पाळीपाळीने महिन्यातून एकदा जावे. रक्तदाब मोजणे हे निमित्त. खरे काम अर्धा तास बसून ऐकण्याचे. आणि पाचवे, डाग देणे, मांत्रिकाकडे नेणे या विषयांवर एखादी छोटी नाटुकली तेलुगूत आणि लंबाडा बोलीत तयार करून तांड्यांवर आणि कामगारांच्या वसाहतींत करावी. तिथे मात्र प्रमुख पाहुणे, हारतुरे आणि दीपप्रज्वलन यांना पूर्ण रजा द्यावी.

यातील एकही गोष्ट खर्चाची नाही. वेळाची मात्र आहे, आणि तो काढणे आपल्याला जड जाते, हे मला माहीत आहे. पण एवढे झाले तर डॉक्टरांची आठवण केवळ साश्रू नयनांची राहणार नाही. त्यांनी आपल्यावर सोपवलेले बरेचसे सामान अजून वाटेतच आहे. ते पुढच्या मुक्कामापर्यंत नेण्यासाठी आपल्यातले दहा-बारा जण पुढे आले, तरी शताब्दीचे वर्ष सार्थकी लागले, असे मी मानीन.